जपानी बाईचं बोलणं

ऐंशी सालानंतरची गोष्ट. भंडाऱ्यात फिल्म सोसायटी काढणाऱ्यांत माझे यजमान पुढे होते. कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. एका रविवारी सकाळी हॉलच्या खिडक्यांना सतरंज्या बांधून त्यांनी एक जपानी सिनेमा दाखवला. तिकडच्या गाजलेल्या कादंबरीवरून काढलेला. बायको चारचौघांत हसली म्हणून नवरा तिच्याशी बोलणं सोडतो, एवढीच कथा. सिनेमाआधी यजमान त्या बाईच्या एकटेपणावर इतकं सुंदर बोलले की पुढच्या रांगेतल्या एक बाई पदरानं डोळे टिपत होत्या.

घरात ते माझ्याशी दिवाळीपासून बोलत नव्हते. वरठीच्या शाळेत नोकरीसाठी मी त्यांना न विचारता अर्ज केला होता. भाजीत मीठ कमी पडलं की ताट सरकवायचे, बस.

शहापूरला दिलेल्या माझ्या मोठ्या नणंद सिनेमाला माझ्या शेजारी बसल्या होत्या. पडद्याच्या तळाशी उमटणारं इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. "ते बाई काय म्हणून राहिली?" असं त्या विचारायच्या आणि मी कानात सांगायची.

आधी लिहून येईल तेच सांगितलं. मग ती बाई नवऱ्यापुढे चहा ठेवून उभी राहिली, आणि मी सांगू लागले, "ते म्हणते, शिव्या द्या, पण बोला. मी का भिंत आहे? मी मेली तरी बोलसान का?"

नणंदेनं वळून माझ्याकडे पाहिलं. "तिचं तोंड तं बंदच आहे," त्या हळूच म्हणाल्या.

यजमान बहिणीचा शब्द मोडत नसत. मला वाटलं, आता तरी कोणी विचारेल. दुपारी मी तांदूळ निवडत असताना त्या जवळ येऊन बसल्या.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"लहानपणापासून तसाच आहे तो. मायशी बी महिनामहिना बोलत नव्हता."

"मग तुम्ही सांगा ना त्यांना."

"मी सांगितलं तं तो तुयंच नाव घेईन. नोकरीचं सोडून दे. अन् सकाळी बोलली तसं कोणापाशी बोलू नको."

त्या संध्याकाळच्या बसनं गेल्या.

नोकरी मी सोडली नाही. यजमानांचं भाषण नागपूरच्या पेपरात लेख म्हणून छापून आलं. ते मला शेजारणीनं दाखवलं.

उन्हाळ्यात पाहुणे आले तेव्हा, मधे काही झालंच नाही अशा आवाजात ते म्हणाले, "पाणी आण." मी पाणी आणलं. उत्तर द्यायची माझी सवय तोवर गेली होती, आणि ते त्यांच्या लक्षात यायला पुष्कळ वर्षं लागली.