चालत नाही, की सोसत नाही?

मी लिहिणं म्हणजे आगाऊपणाच. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. एखाद्या माणसावर लिहिण्याइतकी भाषा माझ्याकडे आहे का, ठाऊक नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. पण विश्रांतवाडीच्या त्या पाळणाघरात तुमच्यापैकी कुणी मूल ठेवलं असेल, तर दारातला तो प्रश्न आठवत असेल. बाळाला अमुक चालत नाही, असं कुणी म्हणालं की स्वयंपाकाच्या मावशी ओले हात पदराला पुसत बाहेर यायच्या आणि विचारायच्या, "चालत नाही, की सोसत नाही?"

लोक वैतागायचे. एक आजोबा म्हणाले होते, "आम्ही नात सोडायला आलोय, साक्ष द्यायला नाही." उत्तर मिळेपर्यंत मावशी दारातून हलल्या नाहीत.

सकाळचं कॉलेज करून मी तिथे हजेरी आणि फोन सांभाळायचो. शुक्रवारी मुलांना ओव्हनमधला पास्ता असायचा. मावशी तो बोटांत चेपेल इतका मऊ शिजवायच्या, गाजर आणि दुधी किसून घालायच्या, दुधातला पांढरा सॉस ओतून वर चीज पसरायच्या. वरची खरपूस पापडी लहानांच्या घशाला टोचेल म्हणून आम्हाला द्यायच्या. मीठ मला चाखायला लावायच्या. स्वतः चमचाभरही घेत नसत. "मला चालत नाही," म्हणायच्या. संकष्टी असेल, शुक्रवार धरत असतील. उपास करणाऱ्या बाईला कोण खोदून विचारतं?

एका शुक्रवारी ओवी नवीन आली, दोन वर्षांची. वडील घाईत होते. "हिला चीज चालत नाही," एवढं मला सांगून निघून गेले. मावशी तेव्हा आत ओव्हनपाशी होत्या.

ताटल्या मांडताना मी ते सांगितलं. पाळणाघराच्या बाई म्हणाल्या, "अहो, शाकाहारी चीज आहे, पाकिटावर हिरवा ठिपका आहे. वाढा."

मावशींनी ओवीची ताटली उचलून छातीशी धरली. मला म्हणाल्या, "फोन लाव."

फोन वाजत राहिला. कुणी उचलेना. बाकीची मुलं जेवू लागली तशी ओवी भुकेने रडायला लागली. तिने शेजारच्या मुलाच्या ताटलीत हात घातला. तो तोंडाकडे जायच्या आत मावशींनी मनगट धरलं. ती आणखीच ओरडली. बाई पुन्हा आल्या. "मावशी, लेकरू उपाशी ठेवून कसलं पुण्य लागणार आहे तुम्हाला?"

पण ताटली खाली आली नाही. "लाव रे परत."

अखेर वडिलांनी उचलला. मी मावशींचाच प्रश्न विचारला.

"सोसत नाही. दुधाचं काहीच. मागे घसा सुजून श्वास अडकला होता तिचा. का? दिलंत का काही?"

"नाही," म्हणालो आणि फोन ठेवून मी ते दोघींना सांगितलं.

बाईंनी ओवीला कडेवर घेतलं. मावशींनी तिचा हात साबणाने धुतला. नेहमीप्रमाणे सॉस घालण्याआधीच थोडा बाजूला काढून ठेवलेला पास्ता गाजरात कुस्करला, चमचा मनगटावर टेकवून पाहिला आणि तिला भरवलं. मी म्हणालो, "मावशी, आज तरी एक घास घ्या."

"मला चालत नाही रे."

दिवाळीनंतर त्या यायच्या थांबल्या. लेकीकडे गेल्या, एवढंच कळलं. परवा ती लेक त्यांचा इथे राहिलेला चष्मा न्यायला आली. मावशी वारल्या होत्या. पोटात गाठ होती, बऱ्याच दिवसांची. काम सुटेल म्हणून इथे कुणाला कळू दिलं नव्हतं.

मी त्यांच्या उपासांबद्दल काहीतरी बोललो. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"आईला कुठले उपास?" ती म्हणाली. "तिला काही सोसतच नव्हतं."