तोंड आलेल्या बायका

माजलगावच्या आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डबे उघडतात आणि डब्यांबरोबर किस्सेही निघतात. इतक्या वर्षांत एवढे साठलेत की कुठला कुणाचा तेही कधीकधी आठवत नाही. तोंड आल्याचे मात्र सगळे लक्षात आहेत, कारण त्यातलं निम्मं दुखणं माझं. पाळी जवळ आली की जिभेच्या कडेला आणि ओठाच्या आत पांढरे फोड येतात. मग साधं पाणीसुद्धा झोंबतं.

*

आमच्या रुक्मिणमॅडम भूगोल शिकवतात. त्यांच्या डब्यात रोज बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वर तोंडी लावायला एक कच्ची मिरची. मी समोर बसून दहीभात गिळायचे. एकदा माझ्या डब्यात डोकावून म्हणाल्या, "घरात कुणी आजारी हाय का?"

"मीच आहे," म्हटलं.

पंख्याखालची खुर्चीही त्यांचीच. थंडीत आम्ही शाली गुंडाळून बसायचो आणि ही बाई फुल पंख्याखाली मिरची खायची. त्यांच्या जिभेचा मला इतका हेवा वाटायचा, की एकदा तरी त्यांना ठसका लागावा म्हणून मी वाट बघायचे. कधी लागला नाही.

*

उपाय सांगायला अख्खा स्टाफ तयार. कुणी म्हणे तुरटीच्या गुळण्या करा, कुणी म्हणे पोट साफ ठेवा. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, थोडं कमी बोलत जा."

त्या दिवशी जीभ हलतच नव्हती, म्हणून सातवीचा तास मी फळ्यावर लिहूनच घेतला. पोरी इतक्या गप्प बसल्या की मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले. "बघा," ते म्हणाले, "मी म्हणलो नव्हतो?"

*

गणिताच्या आयेशामॅडमचं माझ्यासारखंच. त्यांचंही पाळीच्या तोंडावर तोंड यायचं. आम्ही दोघी मिळून रुक्मिणमॅडमच्या डब्याकडे बघायचो. सोबत असली की दुखणं जरा हलकं वाटतं.

मग आयेशामॅडमना दिवस गेले. मळमळ थांबली आणि एका दुपारी त्यांनी सरळ हात पुढे केला. "मॅडम, थोडा ठेचा द्या ना."

बाकीच्या त्यांना बाळाचं विचारत होत्या. मी विचारलं, "आणि फोड?"

"आलेच नाहीत हो, तेव्हापासून."

माझा जळफळाट झाला. घरी गेल्या गेल्या नवऱ्याला म्हटलं, "आपण तिसऱ्याचा विचार करायचा का?"

त्यानं पेपर खाली घेतला. "कावून?"

"ठेचा खायचाय."

त्यानं पेपर परत वर घेतला.

*

शेवटी बीडला दातांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. नवरा सोबत होता. त्यांनी विचारलं, "पाळीच्या आधीच येतात का?" तसा तो भिंतीवरचं दाढेचं चित्र फार लक्ष देऊन बघायला लागला.

बाई म्हणाल्या, "त्या दिवसांत शरीरातले हार्मोन्स वरखाली होतात. काही बायकांचं त्यानं तोंड येतं. काहींचं गरोदरपणात थांबतं, काहींचं पाळी गेल्यावर. सगळ्यांचं तसंच असतं असं नाही, आणि हे नेमकं कसं होतं ते अजून पुरतं कळलेलं नाही." रक्त तपासायला सांगितलं, त्यात लोह कमी निघालं. गोळ्या आणि मलमानं थोडा फरक पडला.

घरी सासूबाईंना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझं बी लई यायचं. पाळी गेली आन् ते बी गेलं. मी देवीला नारळ फोडलता, मला वाटलं तिनंच केलं." आणि बुक्कीनं कांदा फोडून, मीठ लावून खायला लागल्या. सासूच्या वयाचा हेवा करणारी सून मी एकटीच असेन.

*

मागच्या पावसाळ्यात स्टाफची सहल कपिलधारला गेली होती. धबधबा बघून आम्ही झाडाखाली डबे सोडले. माझं तोंड नेमकं आलेलं. शेजारी रुक्मिणमॅडमनी ठेचा काढला. न राहवून मी म्हटलं, "मॅडम, तुमचं तोंड मला देऊन टाका. माझं घ्या."

रुक्मिणमॅडम लग्नानंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायच्या आणि नंतर शिकून शिक्षिका झाल्या, एवढंच आम्हाला माहीत होतं.

"मला बी यायचे फोड," त्या म्हणाल्या. "फडात सगळे ऊस चघळायचे, मी बघत बसायची. पाळीत पोट बी लई दुखायचं. कामाला खाडा झाला की मुकादम वरडायचा. दवाखान्यात गेलते, तर डॉक्टर म्हणला, पिशवी काढून टाका. पिशवीसंगट अंडाशय बी काढलं. ह्या आयेशाएवढी बी नव्हते मी तवा."

आयेशामॅडम मांडीवरच्या बाळाला थोपटत होत्या. त्यांचा हात थांबला.

"तवापासून पाळी न्हाई, एक बी फोड न्हाई. निस्ती अंगाची आग हुती," रुक्मिणमॅडम म्हणाल्या. "करायची का अदलाबदल?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर ठेचा घेतला आणि माझ्यापुढं धरला. मी तो खाल्ला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"लई तिखट हाय का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली आणि आणखी एक तुकडा मागितला.