रोह्यातलं स्पॅनिश आणि काकूंचं ‘मी राहीन’

रोह्यात स्पॅनिश कोण शिकतं, असं विचारणाऱ्याला मी आधी चहा पाजते. उत्तर लांबतं ना! माझ्या क्लासची एकही बॅच किस्से ठेवल्याशिवाय गेलेली नाही. त्यातही सगळ्यात खमंग धडा म्हणजे भविष्यकाळातली रिफ्लेक्झिव्ह, म्हणजे आपली क्रिया आपल्यावरच होणारी, क्रियापदं. मी उठेन, मी झोपेन, अशी. माणसाला स्वतःबद्दल बोलावंच लागतं.

*

महेश धाटावच्या कंपनीतून थेट वर्गात येतो. ‘मे लेवान्तारे’, म्हणजे मी उठेन. उद्या किती वाजता ते सांग म्हटलं, तर वही चाळायला लागला. मी फळ्यावर पुन्हा सगळं लिहून दिलं.

“येतंय हो मॅडम. पण शिफ्ट अजून लागली नाय!”

*

स्वाती पेणच्या गणपती कारखान्यात रंगकाम करते. ‘मी हात धुईन’ तिने बिनचूक म्हटलं. कधी धुशील, विचारलं. तिने रंगाने माखलेली बोटं बघितली आणि म्हणाली, गणपती बसले की. वर्ग हसला, ती नाही हसली. सीझन होता.

*

कोलाडच्या हॉटेलवाल्या गणेशदादांना ‘मी दाढी करीन’ सगळ्या वारांना लावायला दिलं. त्यांनी सोमवार, गुरुवार, शनिवार कोरे सोडले. मार्क जातील म्हटलं.

“कापा मॅडम. शनिवारी नाय म्हणजे नाय.”

*

आणि आमच्या कुसुमकाकू. नदीपलीकडच्या अष्टमी गावाहून पूल ओलांडून चालत येतात. मुलगी लग्न करून स्पेनला गेली, जावई तिकडचाच, नातवाला मराठी येत नाही. म्हणून काकू साठीनंतर विद्यार्थिनी झाल्या. मुलीचा मला फोन आला, आईला कायमचं इकडे आणायचंय, तिला ‘राहीन’ पक्कं शिकवा. काकू ‘तू राहशील’, ‘तो राहील’ धडाधड म्हणत. ‘मी राहीन’ आलं की पाणी प्यायला उठत. तिकडे मुलगी आईच्या होकारासाठी तिकीट काढायची थांबलेली. मलाच काळजी लागली.

एकदा वर्गातच व्हिडिओ कॉल आला. नातवाने विचारलं, “ते केदारास?” राहशील का? काकूंनी पदर सावरला आणि स्पॅनिशमध्ये सांगितलं, तुझ्याबरोबर उठेन, तुझ्याबरोबर आंघोळ करीन, तुझ्याशेजारी झोपेन. एक चूक नाही! मला इतका आनंद झाला की टाळ्याच वाजवल्या. नातूही खूष. मुलगी मात्र आईला ओळखून होती. तिने मराठीत विचारलं, “आये, पण राहशील ना गो?”

“राहीन की. पण अष्टमीच्या घराला कुलूप लावताना ‘येते’ म्हणेन. ‘जाते’ नाय म्हणायची.”