कार्डाच्या पाठीवरचं गाव

बेसबॉल आमच्या घरात लेकीने आणला. तोवर मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि कळावं अशी इच्छाही नव्हती. नवरा पुण्याचा, म्हणजे जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचं मत तयारच; तो म्हणायचा, विटीदांडूला फुलपँट चढवली की झाला बेसबॉल. आम्ही तेव्हा नुकतेच न्यू जर्सी सोडून मॅसॅच्युसेट्समध्ये, श्रूजबरीला आलो होतो. लेक दुसरीत होती. कुणाच्या तरी वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून तिला कार्डांचं एक पाकीट मिळालं आणि आमच्या घराला ते वेड लागलं ते लागलंच.

पत्त्याच्या पानापेक्षा जराशी मोठी, जाड, गुळगुळीत कार्डं. पुढे खेळाडूचा फोटो आणि मागे त्याची कुंडली: उंची, वजन, डावरा की उजवा, जन्म कुठला, आणि खाली आकड्यांच्या रांगाच रांगा. पाकीट बंद असतं, आत कोण निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. लेकीचा नियम एकच, फक्त बॉस्टनची टीम. दुसऱ्या टीमचा कितीही मोठा खेळाडू निघो, बाईसाहेब त्याच्याकडे ढुंकून बघायच्या नाहीत. शाळेच्या बसमध्ये अदलाबदल करून त्याच्या जागी 'आपला' माणूस घेऊन यायच्या. गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये सगळ्या मुली नाचाची रंगीत तालीम करायच्या, आणि ही परकर-पोलकं घालून मागच्या खुर्च्यांवर तिच्याहून दांडग्या मुलांशी कार्डांवरून हुज्जत घालत बसायची. हरायची नाही कधी. तोंडाने माझ्यावर गेली आहे.

एखादा खेळाडू टीमने दुसरीकडे देऊन टाकला की आमच्या घरात सुतक. त्याचं जुनं कार्ड फाईलमध्ये राहायचं, पण नव्या टीमच्या शर्टातलं आत येणार नाही म्हणजे नाही. तो माणूस वाईट झाला का गं, मी विचारायची. वाईट नाही, पण आता आपला नाही, असं ती इंग्रजीत मला समजावायची, जशी काही मीच दुसरीत आहे.

संध्याकाळी मी पोळ्या लाटायची आणि ती ओट्याशेजारी स्टुलावर बसून कार्डांच्या पाठी मोठ्याने वाचायची. अशा पोळ्या करता करता मी बेसबॉल शिकले. कोण लांब मारतो, कोणाचा हात दुखावलाय, कोणाला उगाच बाकावर बसवून ठेवलंय, सगळं तोंडपाठ. ऑफिसमध्ये गोरे लोक सोमवारी मॅचबद्दल बोलायचे तेव्हा मी मध्येच एखादं वाक्य टाकायची आणि त्यांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. दसऱ्याला लॅपटॉप आणि वह्या-पुस्तकांबरोबर ती कार्डांची फाईलही पूजेला मांडायची. नवरा हसायचा. मी हळद-कुंकू वाहायची, अक्षता टाकायची. तिची विद्या तीच होती, त्यात हसण्यासारखं काय?

पण तिला आकड्यांपेक्षा जन्मगावं आवडायची. कोणी टेक्सासचा, कोणी ओहायोचा, कोणी कॅरिबियनमधल्या कुठल्या बेटावरच्या खेड्यातला, कोणी व्हेनेझुएलाचा, कोणी जपानचा. नवं गाव आलं की ॲटलास काढायची. एकदा तिने विचारलं, तिचं कार्ड निघालं तर मागे काय छापतील. मी म्हटलं, छापतील की, नागपूर, महाराष्ट्र. तिने सगळी फाईल उलटीपालटी केली आणि जाहीर केलं, की आपल्या टीममध्ये नागपूरचं कोणीही नाही, म्हणजे ती पहिली. केवढी मिरवली शाळेत! मीही मिरवले. मूर्ख कुठची.

ती नागपूरला का जन्मली ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिथून सुरू होतं. मला दिवस गेले तेव्हा आम्ही दोघं न्यू जर्सीत, आयसेलिनला एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो. नवऱ्याच्या नोकरीवर त्याचा व्हिसा, आणि त्याच्या व्हिसावर मी; माझी नोकरी पुढची. शेजारी एक काकू होत्या, पुष्कळ पावसाळे इथे काढलेल्या. त्या म्हणाल्या, इथेच बाळंत हो, बाळाला इथला पासपोर्ट मिळेल. मला इतका राग आला! पासपोर्टसाठी का कोणी बाळंत होतं? आणि राहायचं कोणाला होतं इथे? चार वर्षं काढायची, पुण्यात फ्लॅट घ्यायचा आणि परत जायचं, असं आमचं पक्कं होतं.

तिकडून, नागपूरहून, आईचे रोज फोन. 'पहिलं बाळंतपण माहेरीच असते बाई. तिथे कोण करणार आहे तुझं?' डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, मालिशवाली बाई, बाळाला धुरी, सगळं तिने माझं लग्न झाल्या दिवसापासून मनात मांडून ठेवलेलं. मी गेले. लेक झाली, माझ्या आईने तिला दुपट्यात घेतलं आणि आख्ख्या गल्लीत पेढे वाटले. मान धरायला लागल्यावर तिला घेऊन मी परत आले. त्यात कोणी काहीही चुकीचं केलं नाही. माझ्या बहिणीने केलं, जावेने केलं, तेच मी केलं. म्हणूनच तर हा राग काढावा कोणावर ते मला आजवर कळलेलं नाही. आईवर काढावा तर तिने माझे पाय चेपलेले आठवतात.

चार वर्षांची किती झाली ते मोजणं आम्ही सोडून दिलं. ग्रीन कार्डच्या रांगेत नाव लागलं आणि रांग काही सरकेना. भारतात जन्मलेल्यांची रांगच वेगळी, मारुतीच्या शेपटासारखी. आईबापाच्या व्हिसावर मूल एकवीस वर्षांचं होईपर्यंतच राहू शकतं, हा नियम आम्हाला माहीत होता, पण तोवर आपला नंबर लागेलच असं सगळेच म्हणायचे. सगळेच म्हणतात. एकविसाव्या वाढदिवसाला आम्ही केक कापला, आणि ती आमच्या अर्जातून गळली. इथे जन्मली असती तर, हे वाक्य मी किती वेळा गिळलं असेल! आत्याबाईला मिशा असत्या तर.

मग शिक्षणाचा व्हिसा काढला. शिक्षण संपलं, आणि तिला एका छोट्या गावातल्या छोट्या बेसबॉल टीमच्या ऑफिसात नोकरी लागली, खेळाडूंचे आकडे सांभाळायची. मोठ्या टीमकडे जाण्याआधी पोरं अशा लहान टीममधून खेळून तयार होतात. तिचा आनंद काय सांगू! ज्या आकड्यांच्या रांगा ती माझ्या ओट्याशी वाचायची, त्याच आता ती तयार करणार होती. पण शिक्षणानंतर थोडेच दिवस काम करता येतं. पुढे राहायचं तर नोकरीचा व्हिसा, आणि त्याची लॉटरी. शब्दशः लॉटरी, गुणवत्ता वगैरे काही नाही. तिचं नाव निघालं नाही. पुन्हा वाट बघायला वेळ उरला नव्हता. त्या टीममध्ये परदेशातून आलेली कितीतरी पोरं खेळत होती, त्यांचे व्हिसे होत होते. बॉल फेकणाऱ्याला जागा आहे आणि तो कसा फेकतो हे लिहून ठेवणारीला नाही, हा कुठला न्याय? मी वकिलाला हे विचारलं. तो बिचारा समोरचे कागद चाळायला लागला.

वकील सारखं म्हणायचा, तिला परत जावं लागेल. लेकीने त्याला शांतपणे विचारलं, परत म्हणजे कुठे? मराठी तिला आजीशी फोनवर बोलण्याइतपत येतं. नागपूरला ती गेली होती ती लग्नामुंजींना. ऊन लागून आजारी पडायची आणि कूलरसमोरून हलायची नाही. हिचं तिथे काय होतं? एक जन्मदाखला.

माझ्या आईला मात्र आनंदच झाला. आपलं लेकरू आपल्या घरी येऊन राहिलं, म्हणाली, यात रडण्यासारखं काय आहे? तिने मागची खोली रंगवून घेतली, नवी गादी भरून घेतली. मी तिच्यावर ओरडले नाही. ऐंशी पार केलेल्या बाईला काय सांगायचं, की तुझे डिंकाचे लाडू आम्हाला केवढ्याला पडले?

सामान भरताना मी म्हटलं, एक तरी फाईल ने. जड होतात म्हणाली. नेल्या नाहीत. मी कपड्यांच्या घडीत चार-दोन कार्डं सरकवली, तीही तिने काढून टेबलावर ठेवली, अगदी नीट, कोपरे न दुमडता. मला तिच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या आणि तिला पोटाशी धरावंसंही वाटलं. मी डब्यात थालीपीठं भरली.

बॉस्टनच्या विमानतळावर आम्ही दोघं तिला सोडायला गेलो. इतकी वर्षं आम्ही धाक बाळगला होता, की कोणीतरी गणवेशातला माणूस एक दिवस आमची कागदपत्रं बघेल आणि हिला बाजूला काढेल. या देशातून बाहेर पडताना कोणी काहीच बघत नाही. शिक्का नाही, प्रश्न नाही. एअरलाइनच्या मुलीने पासपोर्ट पाहिला, बॅग पट्ट्यावर ढकलली आणि हसून हॅव अ गुड ट्रिप म्हणाली. नवरा गाडीत बसल्यावर स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. त्याला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्याच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता, पण माझ्यात तेवढंही उरलं नव्हतं.

आम्ही अजून रांगेतच आहोत. तिला भेटायला जावं तर परत येताना व्हिसाचा शिक्का नव्याने घ्यावा लागतो, आणि तो मिळेपर्यंत नवऱ्याची नोकरी टिकेल याची कोणी हमी देत नाही. सगळं सोडून जावं तर घर आहे, कर्ज आहे, आणि या वयात नवऱ्याला तिकडे कोण घेणार? लोक म्हणतात, व्हिडिओ कॉल असतो ना हल्ली. असतो.

या वसंतात नवी कार्डं दुकानात आली. शनिवारी किराणा आणायला गेले होते, बिल देताना काउंटरजवळ पाकिटं टांगलेली दिसली आणि हात गेला. पार्किंगमध्ये गाडीत बसूनच फोडलं. आत एक कोवळा पिचर, म्हणजे बॉल फेकणारा, निघाला, आमच्या टीमच्या शर्टात, त्याचं पहिलंच कार्ड. मी तो चेहरा ओळखला. लेकीच्या त्या छोट्या टीममध्ये खेळायचा तो, तिने त्याचे आकडे मांडले होते, हा एक दिवस बॉस्टनला जाणार असं पैजेवर सांगायची. गेला! मला इतका आनंद झाला, की दूध डिकीत तापतंय हेही विसरले. तिकडे संध्याकाळ झाली असणार. मी तिथूनच फोन लावला आणि तिने हॅलो म्हणायच्या आत सगळं सांगून टाकलं, तो निघाला, तुझा तो निघाला, मागे आकडे आहेत, हे तर तूच लिहिलेले, हो ना?

पलीकडे पंखा फिरत होता तेवढा ऐकू येत होता.

'आई, प्लीज, मला नको सांगूस,' ती म्हणाली. मराठीत म्हणाली. 'मी आता बघत नाही. ती टीम आपली नव्हतीच. आपण पाहुणे होतो, आणि हे मला लहानपणीच कोणीतरी सांगायला हवं होतं.'

 मी तोंडाळ बाई; ती चिडलेली असती तर बरं झालं असतं, चिडलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. ती अगदी समजुतीने बोलत होती, आजारी माणसाशी बोलावं तशी. मी विचारलं, जेवलीस का? हो, म्हणाली, आजीने मुगाची खिचडी केली होती. मग ठेवते म्हणाली.

मी गाडीत बसून राहिले. शेजारच्या गाडीत एक बाई लहान मुलीला सीटबेल्ट लावत होती, आणि त्या मुलीच्या डोक्यावर आमच्या टीमची टोपी होती.