शेवटचा बाइट

आमची वहिनी सध्या घरी आहे. ती खाल्ल्या मिठाला जागली नाही, असं तिच्याबद्दल बोललं जातं. बोलणाऱ्यांत माझे सख्खे काकाही आहेत, ज्यांना स्वतःच्या मोबाइलचा आवाज कमी करायला दुसरं माणूस लागतं. म्हणून एकदाचं सगळं सांगून टाकते.

मी नर्स आहे. वहिनी प्रोग्रामर. प्रोग्रामर म्हटलं की लोकांना पडद्यावरची रंगीत बटणं दिसतात. तिचं काम त्याच्या बरंच खाली चालायचं, यंत्राच्या पोटात, जिथे मेमरी म्हणजे ओळीने मांडलेले नुसते बाइट आणि एकेका बाइटमध्ये एकेक आकडा. घरातही तिचं डोकं तसंच चालतं. माझ्या भावाला मोजे सापडत नाहीत. ती जागची न हलता सांगते, दुसरा खण, डावीकडून तिसरी घडी. भाऊ म्हणतो, मी बायको केली की कपाटाची किल्ली, तेच कळत नाही.

तिची कंपनी सिरिंज पंप बनवायची. पेशंटच्या शिरेत औषध हळूहळू सोडणारं त्यांचंच हे यंत्र आमच्या वॉर्डातही प्रत्येक खाटेशी आहे. आम्ही डोस भरला की पंप तो मेमरीत दोन ठिकाणी लिहून ठेवतो. पडदा पहिली प्रत वाचतो, मोटर दुसरीचं ऐकते. विजेच्या एखाद्या झटक्याने एक प्रत बिघडली तर कळावं, म्हणून पंप सतत दोन्ही प्रती ताडून बघतो आणि फरक दिसला की थांबून बोंब मारतो. हे ताडून बघणं वहिनीने लिहिलं होतं.

ते कसं चालतं, हे तिने मला दोन माळा हातात घेऊन समजावलं होतं. दोन्ही माळा सारख्या आहेत का, हे एकेक मणी बघून ठरवता येतं, पण वेळ लागतो. त्यापेक्षा चार-चार मणी एकदम धरायचे. प्रोसेसरला एक बाइट बघायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळात तो चार बघू शकतो. मात्र चाराचे गट संपल्यावर शेवटी एक-दोन मणी उरले, तर ते सुटे बघायचे. वहिनीचा कोड असाच होता, चपळ आणि पुरा. मी तिला म्हटलं होतं, आम्हीही डोस दोघी मिळून तपासतो, आणि आकडा शेवटाकडून वाचतो, कारण शेवटाला येईपर्यंत डोळा आळसावतो. तिला ते फार आवडलं होतं.

मग तिच्या विभागाला नवे साहेब आले. पंपाला मोठा रंगीत पडदा बसवला होता, त्यावर औषधाचा थेंब टपकताना दिसायचा आणि तो अधूनमधून अडखळायचा. पेशंटच्या अंगात काय जातंय त्यापेक्षा चित्रातला थेंब कसा टपकतो, याचीच साहेबांना काळजी. प्रोसेसरचा वेळ वाचावा म्हणून त्यांनी वहिनीचा कोड उघडला आणि सुटे मणी बघण्याचा भाग कापून टाकला. म्हणाले, डोस लिहायचा आपला ब्लॉक चोवीस बाइटचा, चारने पूर्ण भाग जातो, मग उरणार काय? वहिनी म्हणाली, आज उरत नाही, उद्या कुणी एक बाइट वाढवला तर? साहेबांनी सगळ्यांसमोर तिला 'उद्याच्या बाई' म्हणून हिणवलं. लोक हसले. मीटिंगमध्ये साहेबांच्या वेगाला टाळ्या पडल्या आणि वहिनीला दुसऱ्या यंत्राच्या कामावर टाकलं.

टाळ्या! न बघता 'सगळं ठीक' म्हणायला वेळ कशाला लागेल? तसा वेग तर आमचे काकाही दाखवतात.

काही महिन्यांनी दुसऱ्या कुणीतरी ब्लॉकच्या शेवटी खरंच एक बाइट वाढवला. दशांश चिन्ह कुठे द्यायचं, हे सांगणारा. वहिनीला त्याचा पत्ताही नव्हता.

इकडे वॉर्डात एके सकाळी थोरल्या सिस्टरनी आणि मी एका आजोबांना पंप लावला. झोपेचं औषध होतं. थोरल्या सिस्टर म्हणजे आमच्या वॉर्डाचा कणा. डॉक्टरसुद्धा त्यांच्यासमोर जपून बोलतात. त्यांनी आकडा भरला, मी शेवटाकडून वाचला, बरोबर होता. दुपारपर्यंत पुरायची सिरिंज सकाळच्या चहाच्या वेळीच रिकामी झाली आणि आजोबांचा श्वास मंदावला. धावाधाव करून आम्ही त्यांना परत आणलं. पडद्यावर आकडा होता तोच होता, बरोबर.

मग चौकशी बसली. समितीने ठरवून टाकलं, की सिस्टरनी आधी दहापट डोस भरला आणि अंगाशी आल्यावर आकडा सुधारला. मी शपथेवर सांगितलं, तर म्हणाले, तुम्ही त्यांच्या मैत्रीणच. उभा जन्म या खाटांमधून फिरण्यात गेलेल्या बाईला खोटारडी ठरवलं, घरी बसवलं आणि परवाना काढून घ्यायची भाषा सुरू केली.

घरी येऊन मी आदळआपट करत होते. भाजी चिरता चिरता वहिनी थांबली. "नक्की दहापट?" तिने विचारलं. "आणि पडद्यावर बरोबर?" मी हो म्हटलं. ती त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसात तो कोड काढला आणि तो पंचविसावा बाइट तिला दिसला. चोवीस तपासले जात होते, शेवटचा कुणीच बघत नव्हतं; तो मोटरच्या प्रतीत बिघडला की दशांश चिन्ह सरकून डोस दहापट, आणि पडद्यावर मात्र बरोबर. ती साहेबांकडे गेली आणि हॉस्पिटलला कळवा म्हणाली. साहेब म्हणाले, पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त करू, हॉस्पिटलचं हॉस्पिटल बघून घेईल. वर आठवण करून दिली, की आतलं काही बाहेर न बोलण्याच्या करारावर तिची सही आहे. आणि हेच साहेब चौकशीच्या शेवटच्या बैठकीत कंपनीतर्फे साक्ष द्यायला येणार होते! हे ऐकून माझं डोकं इतकं फिरलं, की भावाने मला पाणी आणून दिलं. वहिनी मात्र एवढंच म्हणाली, की नोकरी जाईल. भाऊ म्हणाला, जाऊ दे.

साक्षीला साहेब टाय लावून आले. दोन्ही प्रती सतत ताडल्या जातात, यंत्र चुकणं शक्य नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. कोपऱ्यातल्या खुर्चीत थोरल्या सिस्टर मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. वहिनी सिस्टरच्या बाजूने साक्ष द्यायला आली ती थेट पंप आणि लॅपटॉप घेऊन. पाणी भरलेली सिरिंज तिने लावली, खाली पेला ठेवला. आधी तिने लॅपटॉपवरून दुसऱ्या, म्हणजे मोटरच्या प्रतीतला मधलाच एक बाइट बदलला. पंप तत्क्षणी थांबून केकाटायला लागला. तो परत नीट करून मग तिने शेवटचा बदलला. पंप चालूच राहिला. पडद्यावर तोच आकडा, तोच देखणा थेंब टपकत होता, आणि खाली पेल्यात पाणी भराभर पडत होतं.

समितीचे अध्यक्ष पेल्याकडे बघत राहिले. साहेब सावरून म्हणाले, की हे लाखात एखाद्या वेळी होईल. असे पंप कितीतरी हॉस्पिटलांत चालू आहेत, आजवर कुठूनही एक तक्रार आलेली नाही.

थोरल्या सिस्टर तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. आवाज चढवला नाही.

"येईल कशी? पडद्यावर आकडा बरोबर असतो. तिथेही माझ्यासारखी कुणीतरी घरी बसवली असेल."

साहेबांनी पंप बंद करायला हात पुढे केला. अध्यक्षांनी त्यांना थांबवलं आणि सिरिंज रिकामी होईपर्यंत सगळ्यांना बघत बसायला लावलं.