हवालदारांनी ऐकलेली कादंबरी

“थांबा ताई. आधी मयत कोन ते सांगा.”

कुठलीही गोष्ट सांगायला घेतली की काका असं म्हणायचे आणि रहदारी अडवल्यासारखा उजवा हात समोर धरायचे. सोसायटीच्या सभेत लिफ्टचा विषय निघाला तरी हात वर. “थांबा. आधी लिफ्टमध्ये कोन होतं ते सांगा.” मूळचे साताऱ्याकडचे, पोलीस हवालदार म्हणून निवृत्त झालेले, सानपाड्यात आमच्या खालच्या मजल्यावर एकटेच राहायचे. तुमच्याही इमारतीत असं कुणी असेल, ज्यांच्याशी आपण वर्षानुवर्षं फक्त पाणी कधी येणार एवढंच बोलतो.

आमचं बोलणं वाढलं ते मी एका पेपरात नापास झाले म्हणून. ऐरोलीतली नोकरी सांभाळून मी बाहेरून इंग्रजीचं एम.ए. करत होते. अभ्यासाला एक रहस्यकादंबरी होती. अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींच्या मुलखात एका म्हाताऱ्या मेंढपाळाचा खून होतो आणि नवाहोंपैकीच एक पोलीस तपास करतो. कथानक, पात्रं, आशयसूत्रं, गाइडमधलं सगळं पाठ केलं होतं. तरी नापास. एका रविवारी सकाळी खाली बाकावर तेच पुस्तक घेऊन बसले होते, तर काकांनी विचारलं, “कायद्याचं हाय का?”

“नाही काका, खुनाचं आहे.”

ते शेजारी बसले आणि हात वर झाला.

मग दर रविवारी मी मराठीतून एकेक प्रकरण सांगायचे आणि ते ऐकायचे, म्हणजे उलटतपासणी घ्यायचे. कादंबरीतला पोलीस कुणालाही भेटला की आधी आपल्या आईचं कूळ सांगतो, मग वडिलांचं. गाइडमध्ये याला ‘सांस्कृतिक अस्मिता’ म्हटलं होतं. काका म्हणाले, “अस्मिता कसली? त्याबिगर त्याच्याशी बोलंल कोन? मी तपासाला खेड्यात गेलो की आधी मामाचं गाव सांगायचो. चहा आला की समजायचं, साक्षीदार मिळाला.”

मी ते वहीत उतरवून घेतलं. परीक्षेत लिहावं की नाही, ते काही कळेना.

खरा गोंधळ झाला तो तिसऱ्या प्रकरणात. नवाहो लोक मेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, प्रेताला हात लावणं टाळतात. त्याचा त्रास जिवंतांना होतो, असं मानतात.

“नाव घेत न्हाईत? मग पंचनामा कसा करतो ह्यो मानूस?”

“करतो, पण त्याला जड जातं.”

“सोडून द्या. तपासाशी त्याचा संबंध न्हाई.”

पुढच्या रविवारी मी बाकावर टेकायच्या आधीच ते म्हणाले, “ताई, ते नावाचं सोडू नका. तिथं कायतरी हाय.” काय आहे, ते त्यांनाही सांगता येईना.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की वारलेल्या बायकोचं नाव मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. ते ‘आमच्या घरी’ म्हणायचे. पण त्या पिढीतली माणसं बायको समोर बसलेली असतानाही तिचं नाव घेत नाहीत. मग ही रीत की दुःख? विचारायचा धीर झाला नाही.

शेवटच्या प्रकरणात खुनी पकडला गेला आणि तरी वीस पानं उरली. पोलीस रजा काढून एका म्हाताऱ्या वैदूकडे जातो. वैदू कित्येक दिवस त्याच्यासाठी मंत्रगाणी म्हणतो, मन ठिकाणावर यावं म्हणून.

“आरोपी सापडला ना? मग ह्यो आजारी कशानं?”

“मेलेल्यांच्या फार जवळ गेला म्हणून.”

“रजा मंजूर झाली त्याची?”

“झाली.”

“अर्जात कारण काय लिहिलं?”

मी पानं उलटली. पुस्तकात ते नव्हतं.

काकांनी समोरच्या स्कूटरकडे बघितलं. मग म्हणाले, “खाडीतनं एका बाईला काढलं होतं मी. लई वर्षं झाली. हातात हिरव्या बांगड्या. म्हंजे कुनीतरी असनारच तिचं. मुदतीपर्यंत वाट बघितली, कुनी आलं न्हाई. शेवटी अग्नी देण्यापासून सगळं आमीच केलं. घरी आलो. आमच्या घरी दारात बादली भरून ठेवायच्या. अंघोळ केली, जेवलो, दुसऱ्या दिवशी बंदोबस्ताला गेलो.” मग म्हणाले, “नाव घेऊ नये म्हनतात. पर आधी नाव पायजे ना, ताई. रजिस्टरला ‘अनोळखी स्त्री’ एवढंच हाय.”

मी पुस्तक मिटलं.

परीक्षेत कादंबरीच्या शेवटाबद्दलच प्रश्न आला. मी गाइड विसरले आणि लिहिलं की तपास संपतो तिथे पोलिसाचं काम संपतं, पोलीस संपत नाही. बरोबर की चूक, माहीत नव्हतं. पास झाले. पेढे घेऊन खाली गेले तर दाराला कुलूप. वॉचमन म्हणाला, काका गावी गेलेत, पितृपंधरवड्यासाठी.

मी फोन लावला.

“पास? बरं झालं,” ते म्हणाले. मग स्वतःहूनच सांगू लागले, “काल वाईला गेलतो. घाटावर गुरुजी असत्यात. म्हटलं, एक विधी करायचाय. त्यांनी नाव-गोत्र विचारलं. म्हटलं, म्हाईत न्हाई. ते म्हनाले, मग करू कुनासाठी? मी म्हटलं, तिच्यासाठी करा, आन् उरलं तर माझ्यासाठी.”

“मग काय केलं त्यांनी?”

“काय म्हाईत. समदं संस्कृतात होतं.”

मला हसू आलं, त्यांनाही आलं. हे आमचं शेवटचं बोलणं ठरेल, असं वाटलं नव्हतं. ते सानपाड्याला परतलेच नाहीत. थंडीत गावीच वारले. त्यांच्या जावयाने येऊन घर रिकामं केलं, तेव्हा मला कळलं.

त्या दिवशी फोन ठेवण्याआधी मी विचारलं होतं, “काका, आता बरं वाटतंय का?”

“तेच कळंना,” ते म्हणाले. “तुमच्या पुस्तकातल्याला वाटलं का?”

“पुस्तक तिथेच संपतं, काका. सकाळ होते, गाणं थांबतं, तो बाहेर येऊन उभा राहतो.”

पलीकडे कुणीतरी गुरांना हाकलत होतं.

“उभा ऱ्हायला ना,” ते म्हणाले, “मग झालं.”