चहात साखर किती?

आमच्या मोठ्या ताईंना बघून जिच्यावरचा साहेब ताडकन उठला नाही अशी एकही खुर्ची अख्ख्या नगर जिल्ह्यात नाही, आणि हे मी अजिबात वाढवून सांगत नाहीये. बरं, थोडंसं वाढवून! ताई म्हणजे आमच्या संस्थेतल्या सगळ्यात जुन्या समाजसेविका. आमचं काम सांगायला सोपं आहे. दवाखान्यातून सुट्टी मिळाली पण घरी बघायला कोणी नाही, अशा माणसांची पुढची सोय लावायची. करायला मात्र भयानक, कारण दवाखाना म्हणतो तालुक्याला विचारा, तालुका म्हणतो वृद्धाश्रमाला विचारा, वृद्धाश्रम म्हणतो दवाखान्याचं पत्र आणा. अशा वेळी ताई पिशवीतून दोन मोबाईल काढायच्या, एकावर दवाखाना, दुसऱ्यावर वृद्धाश्रम, दोन्ही स्पीकरवर टाकून टेबलावर समोरासमोर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हां, आता तुम्ही दोघं भांडा. मी चहा पिते." चहाही स्वतःचाच! पिशवीत थर्मास, दोन स्टीलचे पेले आणि एक घडीचं स्टूल कायम. "पेशंटला कुठल्याच ऑफिसात कोणी बस म्हणत नाही गं, मग बसायचं आपणच न्यायचं."

पण खरा कहर पुढे. पेशंट कोणाच्या ताब्यात द्यायचा असला की ताई आधी सहीच घ्यायच्या नाहीत, समोरच्याची तोंडी परीक्षा घ्यायच्या. यांचं नाव काय, घरी कोण आहे, आणि चहात साखर किती? उत्तर आलं नाही तर पेशंटशेजारी जाऊन बसा, विचारा, परत या. केडगावच्या वृद्धाश्रमाचे मॅनेजर एकदा जाम वैतागले. "ताई, मी पेशंट घेतोय का सोयरीक जुळवतोय?" ताई थंडपणे म्हणाल्या, "सोयरिकीत पोहे तरी मिळतात. सांगा, साखर किती?"

मला हे सगळं फार जुनाट वाटायचं. मी नवीन, मला घाई. मी एक व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, त्यात वॉर्डातली सिस्टर, अँब्युलन्सचा ड्रायव्हर, केडगावचे मॅनेजर, सगळे घेतले. आणि नेमक्या तेव्हाच ताई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेल्या. जाताना खर्ड्याच्या एका आजींना माझ्याकडे सोपवून गेल्या. आजींच्या पायाला शुगरची जखम, रोज ड्रेसिंग लागायचं. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले, घराला कुलूप. सुट्टी मिळाली की थेट केडगाव, असं ठरलेलं.

सुट्टीच्या सकाळी मी ग्रुपवर टाकलं, "आजींना आज केडगावला शिफ्ट करायचंय." पटापट तीन अंगठे आले! मी इतकी खूश की स्क्रीनशॉट काढून ताईंना पाठवला आणि दुसऱ्या कामाला श्रीरामपूरला निघून गेले.

ड्रायव्हरला वाटलं वृद्धाश्रमाची गाडी येईल. मॅनेजरना वाटलं अँब्युलन्स येईल. सिस्टरला वाटलं मी येईन.

आजी दुपारपर्यंत गाठोडं मांडीवर घेऊन बाकावर बसल्या, मग उठल्या आणि एसटीनं खर्ड्याला गेल्या. दुसऱ्या दिवशी मॅनेजरांचा मेसेज आला, "पेशंट कधी पाठवताय?" मी धावत वॉर्डात गेले, तर बाक रिकामा. तिसऱ्या दिवशी आजी सापडल्या, बंद घराच्या पायरीवर. शेजारणीनं भाकरी दिली होती, पण पाय काळा पडला होता.

"कुनी आलंच न्हाई गं," त्या म्हणाल्या. रागावल्यासुद्धा नाहीत. "म्हनलं इसरले आसतील. तुमाला बी लई मानसं आसत्यात."

त्यांना परत दवाखान्यात आणलं, तर दारात ताई उभ्या. डोळ्याला काळा चष्मा, डॉक्टरांनी घराबाहेर पडू नका म्हणून बजावलेलं. मला वाटलं आता माझं काही खरं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "आजींना चहात साखर किती लागते?"

मला माहीत नव्हतं.

त्यानंतर रोज चहाच्या वेळी ताई आजींजवळ. उन्हातून यायच्या, डोळा पुसत बसायच्या. पंधरवड्यानं आजी गेल्या. मुलगा उसाच्या फडातून तसाच आला, अंगावर पाचटाची कुसळं. आईच्या पायाशी बसला. मग हळूच म्हणाला, "आईनं शेवटी काय खाल्लं का?"

ताई म्हणाल्या, "गुळाचा चहा प्यायल्या. बशीत ओतून. आता मागतील ते द्या म्हणाले डॉक्टर. गूळ कमी पडला म्हणून मला शिवी दिली."

तो रडता रडता हसला. "व्हय. तशीच हुती ती."

ताईंचा तो डोळा काही सुधारला नाही. आता त्या रिटायर झाल्यात, पिशवी आणि स्टूल माझ्याकडे आहे. तोंडी परीक्षा आता मी घेते आणि मॅनेजर माझ्यावर वैतागतात. परवा ताईंकडे गेले होते. म्हटलं, बसा, आज चहा मी करते. पातेलं चढवलं, साखरेचा डबा उघडला आणि चमचा हातात तसाच राहिला. इतकी वर्षं त्यांच्या थर्मासमधला चहा प्यायले मी.

"सापडला नाही का डबा?" त्या बाहेरून ओरडल्या. "वरच्या फळीवर बघ!"

"सापडला ताई. तुम्हाला साखर किती?"

त्या उठून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"दीड," ताई म्हणाल्या.